खड्ड्याचं पालकत्व

डोंबिवलीत खड्डा पडायला एक सर पुरते; तो कोणाचा, हे ठरायला तीन पावसाळे जातात. वरचं डांबर एकाचं, खालची पाण्याची लाइन दुसऱ्याची, केबल तिसऱ्याची, गटाराचं झाकण चौथ्याचं, आणि त्यात अडकलेला पाय तेवढा निर्विवाद नागरिकाचा. महापालिका आहे, एमआयडीसी आहे, एमएमआरडीए आहे, कल्याण-शीळ रस्त्यापुरतं रस्ते विकास महामंडळ आहे, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना सार्वजनिक बांधकाम खातंही एखाद्या फलकावरून डोकावतं. एवढे पालक असलेलं पोर उपाशी झोपणारच.

त्यात २७ गावांचं भिजत घोंगडं वेगळंच. १९८३ साली महापालिका झाली तेव्हा ही गावं आत होती. २००२ साली बाहेर पडली. २०१५ साली परत आत आली. २०२० साली त्यांतली १८ पुन्हा बाहेर काढायचं ठरलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तो निर्णय टिकला नाही. म्हणजे नांदिवली-भोपरकडे एखादा जुनाजाणता खड्डा असेल, तर त्याने जागेवरून तसूभरही न हलता तीन वेळा पत्ता बदललाय. ग्रामपंचायत होती तेव्हा मुरमाच्या ट्रॅक्टरसाठी सरपंचांच्या ओट्यावर जाऊन बसता यायचं. आता कार्यालय आहे, पण ओटा नाही. टोकन घ्या आणि उभे राहा.

आता या सगळ्यावर डोंबिवलीकर काय करतो? आधी अर्ज करतो. अर्ज ही आमची मातृकला आहे. विषय, संदर्भ, ‘महोदय’, खाली पाच प्रती आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. अर्जाने भागलं नाही की वर्तमानपत्राला पत्र. त्यानेही घोडं पेंड खातच राहिलं, तर मात्र सुसंस्कृत माणसाच्या मनात श्रमदानाचा विचार येतो. आणि तो साधारण रात्री पावणेबाराला, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतो.

‘ज्या शहराने १९९९ साली पाडव्याची स्वागतयात्रा काढून अख्ख्या महाराष्ट्राला धडा घालून दिला, ज्या शहराने २०१७ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन पेललं, त्या शहराला गेटसमोरचा एक खड्डा पेलू नये?’ असा खडा सवाल आमच्या सेक्रेटरींनी टाकला. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. हात जोडलेल्यांचा पडला. फुलं, तिरंगे, दंडाचे फुगवलेले स्नायू, सगळं पडलं. ‘येत्या रविवारी कोण कोण येणार, नावं द्या’ असं लिहिल्यावर तो पाऊस थांबला आणि पुढचा अर्धा तास गटावर टळटळीत ऊन होतं.

वास्तविक श्रमदान हे मराठी माणसाला नवीन नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा चालवायचे आणि मग रात्री कीर्तनात गावाची झाडाझडती घ्यायचे. तुकडोजी महाराजांनी श्रमदानाला प्रार्थनेच्या शेजारी नेऊन बसवलं. हिवरे बाजारने गावाच्या नियमांतच ते घातलं. आणि नगर जिल्ह्यातल्या गुंडेगावचे राजाराम भापकर गुरुजी! शाळामास्तर माणूस. डोंगर फोडून आसपासच्या गावांना जोडणारे सुमारे ४० किलोमीटरचे रस्ते केले, सरकारचा पैसा न घेता, पगार आणि पुढे पेन्शन त्यात घालून. हे मी आमच्या खजिनदारांना सांगितलं. ते म्हणाले, ‘हो, पण त्यांना सोसायटीचं ऑडिट नव्हतं.’

आमच्या पिढीची श्रमदानाशी ओळख झाली ती एनएसएसमुळे. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ही राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि तेव्हापासून कॉलेजची पोरं थंडीत सात दिवस एखाद्या दत्तक गावी जाऊन रस्ता बांधतात. मुरबाड-शहापूरकडे असे कित्येक पाडे आहेत. सकाळी प्रभातफेरी, मग फावडी-घमेली, दुपारी बौद्धिक, म्हणजे सामुदायिक झोप. गावकरी समंजस. गेल्या वर्षीच्या बॅचने जो रस्ता केला, तोच ते यंदाच्या बॅचला नवा म्हणून दाखवायचे. एकेका पायवाटेवर इतक्या पिढ्यांचं श्रमदान झालंय की तिचा माजी विद्यार्थी संघ काढता येईल. पुढे पाणी फाउंडेशनचा वॉटर कप आला तेव्हा आमच्याच इमारतीतली काही मंडळी जलमित्र म्हणून २०१८च्या १ मेला महाश्रमदानाला गेली होती. रात्रभर बसमधून गेली, भर उन्हात चर खणले, हाताला फोड आणले आणि ते फोड आठवडाभर लिफ्टमध्ये सगळ्यांना दाखवले. परगावी जाऊन खणायला आमची कधीच ना नसते. गेटच्या बाहेर खणायचं म्हटलं की पाठ धरते.

याचं कारण आळस नव्हे, हे मी छातीठोक सांगतो. गावात रस्ता वाहून गेला की एसटी बंद होते. एसटी बंद झाली की पोरांची शाळा बुडते, भाजी बाजारात पोचत नाही, बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागतं. तिथे कोणी विचारत नाही की हा रस्ता जिल्हा परिषदेचा की पंतप्रधान ग्रामसडकचा. ज्याच्या घरात पहार असते तो पहार घेऊन निघतो. आमच्याकडे रस्ता गेला म्हणून लोकल बंद होत नाही. सात-पन्नासची पकडायची असते, आणि सात-पन्नास पकडणारा माणूस खड्ड्याकडे बघत नाही, त्यावरून उडी मारतो. डोंबिवलीत लांब उडीचे खेळाडू तयार व्हायला खरं तर हरकत नव्हती.

तर रविवार ठरला. मुद्दाम मेगाब्लॉकचा. मध्य रेल्वेने गाड्या रोखून धरल्याखेरीज डोंबिवलीकर डोंबिवलीत सापडत नाही, हे आयोजकांना पक्कं ठाऊक होतं. आफ्रिकेतल्या रवांडात म्हणे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी सकाळी सगळ्या सज्ञान नागरिकांनी सार्वजनिक कामाला जुंपून घ्यायचं, असा कायदाच आहे. उमुगांडा म्हणतात त्याला. आपल्याकडे कायद्याची गरज नाही. मेगाब्लॉकचं वेळापत्रक आणि श्रमदानाचं वेळापत्रक एकाच माणसाने केलं म्हणजे झालं.

सकाळी खड्ड्याभोवती जे कोंडाळं जमलं त्यात काम करणारे चार आणि मार्गदर्शन करणारे वीसेक होते. रेल्वेतून निवृत्त झालेले काका शिट्टी घेऊन आले होते. ती त्यांनी का आणली, ते कोणी विचारलं नाही. ते वाजवत राहिले. एकाने मेजर टेप लावून खड्डा मोजला आणि वहीत लिहिला. आमच्या इमारतीत इंजिनियर इतके आहेत की दगड भिरकावला तर इंजिनियरलाच लागेल, पण सिव्हिलचा एकच, आणि तो नेमका दुबईत. त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, ‘कडा चौकोनी कापून घ्या.’ मग कडा कापायला काय वापरायचं यावर कणकेच्या कातण्यापासून गॅस कटरपर्यंत चर्चा झाली. सॉफ्टवेअरवाल्या मुलाचं म्हणणं, खड्डा बुजवण्याआधी तो मुळात का पडला याचा शोध घ्यावा. त्याला चहा आणायला पाठवलं.

साहित्य मात्र उत्तम जमलं होतं. शेजारी पुनर्विकासाला गेलेली इमारत पाडत होते, तिथून चार गोणी रॅबिट फुकट मिळालं. खडी विकत आणली. पेव्हर ब्लॉक तीन आकारांचे निघाले, त्यांतले दोन कुठून आले हे विचारू नये. घमेली तीन, त्यांतलं एक कुणाच्या तरी कुंड्यांखालचं, त्यामुळे त्याला मधोमध भोक. तेवढ्यात एक भावी नगरसेवक आले. इथल्या नगरसेवकांची मुदत २०२०च्या नोव्हेंबरात संपली आणि पुढे काही वर्षं निवडणूकच झाली नाही. त्या काळात शहरातले माजी आहेत तेवढेच राहिले आणि भावी मात्र वाढत गेले. भावींनी खड्ड्याच्या काठावर नारळ फोडला. नारळाचं पाणी खड्ड्यात गेलं. खड्ड्यात आधीच घोटाभर पाणी होतं, त्यात ही भर. फोटो निघाला. फोटोत फावडं भावींच्या हातात आणि ते उलटं.

मग एकदाची खडीची पहिली पाटी त्या पाण्यात ओतली गेली, आणि मागून आवाज आला, ‘ओ काका, पाणी काढल्याबिगर खडी टाकता व्हय?’

बी विंगमध्ये कामाला येणाऱ्या मावशी. जालन्याकडच्या. लहानपणी आईचा पदर धरून रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या, पुढे स्वतः खडी फोडलेल्या. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने ही योजना उभी केली, वि. स. पागे यांची ती कल्पना. कायदा म्हणून ती १९७९च्या २६ जानेवारीपासून लागू झाली. देशाने पुढे २००५ साली तिच्यावरून आपला कायदा केला. मराठवाड्यातले कितीतरी रस्ते हे असे बायकांनी डोक्यावरून वाहून आणलेले आहेत. ते काही दान नव्हतं. मापात बसेल तेवढं काम आणि त्याची मजुरी. पण रस्ता कसा बसतो, हे ज्ञान त्या उन्हात पोटाबरोबर फुकट मिळालं.

मावशींनी पिशव्या कट्ट्यावर ठेवल्या, पदर खोचला आणि आधी आमच्याच हातांनी ती खडी परत काढायला लावली. मग डब्याने पाणी उपसलं. वॉचमनकडून पहार घेऊन खड्ड्याच्या उताराच्या अंगाला, गटाराकडे जाणारी वीतभर रुंदीची चारी मारली. राहिलेलं पाणी आपण होऊन चालू लागलं. खालचा चिखल खरवडून काढला, तो हाताच्या मुठीत दाबून बघितला, टाकून दिला. रॅबिटमधला माती-मातीचा चुरा बाजूला काढला. त्यातले मोठे तुकडे निवडून तळाला, त्यांच्या फटीत मध्यम, वर खडी, तिच्यावर मुरूम. प्रत्येक थराला पाण्याचा शिपका आणि चोप. धुम्मस नव्हती, तर जिमवाल्या मुलाच्या हातात ओंडका दिला. महिन्याची फी भरून जे व्हायचं नाही ते त्याच्या खांद्यांना त्या तासाभरात झालं. घमेलं डोक्यावर घ्यायची वेळ आली तेव्हा मावशींनी फडक्याची चुंबळ वळून दिली आणि सेक्रेटरींच्या डोक्यावर ठेवली. ते ताठ मानेने चालले. इतकं ताठ त्यांना वार्षिक सभेतही कोणी पाहिलं नव्हतं.

मध्येच मावशींनी विचारलं, ‘मस्टर कुनाकडं हाय?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. फोटो होते, बॅनर होता, टेपने मोजलेल्या मापांची वही होती. हजेरीपट नव्हता. त्यांना हसू आलं. त्यांच्या हिशेबात मस्टर नसलेलं काम म्हणजे एक तर फसवणूक किंवा पोरखेळ.

सिव्हिलवाल्याने दुबईहून नंतर जे दीड पानी टिपण पाठवलं त्यात मावशींचंच पाण्याचं म्हणणं होतं. डांबराचा शत्रू चाक नव्हे, पाणी. बारीक तड्यांतून ते आत जातं, खालचा थर मऊ करतं, वरून गाडी गेली की पिचकारीसारखं बाहेर येतं आणि येताना बारीक माती घेऊन येतं. आत पोकळी होते आणि एक दिवस वरचा थर बसतो. म्हणून पाण्याने भरलेल्या खड्ड्यात जे काही टाकाल, ते पुढच्या सरीला चाकांखालून रस्ताभर पसरणार. डोंबिवलीत दर जुलैत रस्त्यावर खडी का दिसते, याचं हे साधं उत्तर आहे. टिपण सगळ्यांनी पुढे पाठवलं. मावशींचं वाक्य कोणी पाठवलं नाही.

त्या रविवारी चहा घेऊन परत आलेल्या सॉफ्टवेअरवाल्याने मध्येच आणखी एक शोध लावला होता. जपानमधल्या क्योतो विद्यापीठाचे प्राध्यापक माकोतो किमुरा आणि त्यांची संस्था केनियासारख्या देशांत शेतकऱ्यांकडून मातीचे रस्ते दुरुस्त करून घेतात. यंत्र नाही, रोलर नाही. पोत्यात माती भरायची, तोंड बांधायचं, पोती शेजारी-शेजारी लावायची आणि वरून चोपायची. पोतं ताणलं जातं, आतली माती पसरू शकत नाही आणि वरून ट्रक गेला तरी तोलते. डोनो म्हणतात. ‘जपानी तंत्र’ म्हटल्यावर आमच्या कोंडाळ्यात एकदम भक्तिभाव आला. पूर आला की आमच्याकडे खाडीकाठची माणसं दारात गोण्या रचतात. त्याला आजवर कोणी तंत्र म्हटलं नाही. त्या गोण्यांवर कोलमचं नाव असतं, हा त्यांचा दोष.

खरं तर श्रमदानाच्या बाबतीत या शहरात रिक्षावाल्यांच्या वर कोणी नाही. स्टँडवरच्या खड्ड्याची त्यांना खडान् खडा माहिती असते, कारण तो रोज शंभरदा त्यांच्या कमरेतून जातो. शेअर रिक्षात पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसून दांड्याला लोंबकळलेल्या चौथ्या प्रवाशाला विचारा, तोही सांगेल. महिन्याला शॉकपचा खर्च वाढला की हे लोक रात्री धंदा आटोपल्यावर दोन-चार गोणी रॅबिट आणून टाकतात आणि घरी जातात. बॅनर नाही, नारळ नाही, मार्गदर्शन नाही. आठवड्याने चिखल होतो, ते पुन्हा टाकतात. वाहतूक पोलिसांनाही या भागात खड्ड्यात खडी टाकताना लोकांनी पाहिलंय. ज्यांचं काम रस्ता बांधायचं नाही त्या सगळ्यांनी तो बांधून झालाय.

हसता हसता एक गोष्ट सांगायची राहू नये. २०१८च्या पावसाळ्यात कल्याणच्या रस्त्यांवर खड्ड्यांनी माणसं मारली. मुंबईत दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा २०१५च्या जुलैत अशाच खड्ड्याने गेला. तेव्हापासून ते दिसेल तो खड्डा स्वतः बुजवत फिरतात. त्याच २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्कात मोडतो. बिल्होरे जे करतात त्याला श्रमदान म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणि म्हणूनच आमच्या श्रमदानाबद्दल माझ्या मनात एक अढी आहे. गाव करी ते राव न करी, हे खरं. पण गावाकडे करायला पैसा नसतो. आमच्याकडून मालमत्ता कर घेतलेला असतो, वेळेवर भरला म्हणून सूट दिलेली असते, आणि त्या पावतीवर ‘पथकर’ नावाची एक ओळही असते. एकदा पैसे देऊन पुन्हा घाम द्यायचा आणि वर फोटोही आपणच काढायचा.

फोटोचं सांगायलाच हवं. आमचा खड्डा टिकला. मावशींनी बुजवलेला तो चौकोन भर पावसात तसाच राहिला, गाड्या त्यावरून गुमान जायला लागल्या. इकडे सेक्रेटरींनी चार महिन्यांपूर्वी केलेली तक्रार एक दिवस मोबाइलवर ‘निकाली’ झाली. खाली ‘कार्यवाही पूर्ण, छायाचित्र जोडले आहे’. छायाचित्र उघडलं तर आमचाच रविवार. मध्ये घमेलं डोक्यावर घेतलेले खुद्द सेक्रेटरी, शेजारी शिट्टीवाले काका, कोपऱ्यात बॅनरचं अर्धं टोक. कोणत्या कार्यालयाने हे केलं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. खड्डा होता तेव्हा जसा कोणाचा नव्हता, तसाच बुजल्यावरही कोणाचा नव्हता. सेक्रेटरी मात्र चिडण्याऐवजी खूश झाले. ‘सरकारी रेकॉर्डवर आलो,’ म्हणाले. त्यांनी तो फोटो गटावर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला.

पंधरा दिवसांनी केबलवाले आले. रस्ता त्यांनी लांबलचक खणला, पण नशीब असं की मावशींचा चौकोन त्यांच्या चराच्या बरोबर मध्ये आला आणि पहार काही केल्या त्यात शिरेना. शेवटी त्यांनी तेवढी जागा वळसा घालून सोडली. चर जेमतेम बुजवून ते गेले. तो आता बसायला लागलाय. पुढच्या मेगाब्लॉकची तारीख बघून ठेवलीय.

राहिला हिशेब. वार्षिक सभेत खजिनदारांनी विचारलं की खडी, मुरूम, चहा-वडापाव, बॅनर आणि नारळ हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा? दुरुस्ती-देखभालीत टाकता येत नाही, कारण रस्ता सोसायटीचा नाही. देणगीत टाकावा तर पावती कोण देणार? कोणी म्हणालं, आकस्मिक खर्च. त्यावर शिट्टीवाले काका उठले आणि म्हणाले की डोंबिवलीतल्या खड्ड्याला आकस्मिक म्हणणं ही सभेची दिशाभूल आहे. मावशींना द्यायची दिवसाची मजुरी यादीत कुणीच धरली नव्हती. ती बी विंगमधल्या आजींनी तिथल्या तिथे आठवण करून धरायला लावली, अर्धा दिवस नव्हे, पूर्ण दिवस. अर्ध्या तासाच्या चर्चेअंती असं ठरलं की कोजागिरीचं दूध यंदा एका सभासदाने प्रायोजित केल्यामुळे सांस्कृतिक कार्यक्रमांचे पैसे शिल्लक आहेत, तरी सदर खर्च त्या खात्यातून करण्यात यावा. सूचक ए विंग, अनुमोदक बी विंग. ठराव एकमताने मंजूर झाला.